तीन सुती की अर्धा इंची

३ ऑक्टोबर

मामा,

वाकून नमस्कार केला असं समज. खरोखर करायला आले तर म्हणशील, आधी हात पूस.

पत्र लिहायचं कारण म्हणजे परवाचा फोन. तू सात वेळा "कोण?" विचारलंस आणि आठव्यांदा "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून दिलास. शेजारच्या शिंपीकाकांना निरोप द्यावा तर ते त्याला आपल्या पदरचं अस्तर लावून पोचवतात. मागे मी सर्दी झाली म्हणाले, तर तुला न्यूमोनिया कळवला होता. तेव्हा लिहितेच. शाळा सुटल्यापासून हातानं एवढं लिहिलेलं नाही, चुका काढू नकोस.

बातमी अशी, की कंपनीची नोकरी सोडली आणि स्वतःचं गॅरेज काढलं. जागा जुन्या छापखान्याची आहे. फरशीवर शाईचे डाग अजून आहेत, ते ऑइलच्या डागांत मिसळून जातील. एक लिफ्ट, एक कॉम्प्रेसर, आणि एक मी. कामं फक्त कारची, अधूनमधून एखादी सामानाची व्हॅन.

आता प्रश्न. नट सोडवायची बॅटरीवरची इम्पॅक्ट गन घ्यायची आहे. तीन सुती घेऊ, अर्धा इंची घेऊ की पाऊण इंची? दुकानदार पाऊण इंची गळ्यात मारायला बघतोय. म्हणतो, मॅडम, घ्यायची तर मोठीच घ्या, पुन्हा पुन्हा कशाला खर्च. तुझ्याकडे नऊ वर्षं शिकले, पण तेव्हा आपल्याकडे हवेची एकच गन होती आणि ती तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. म्हणून विचारते.

मामी गेली तेव्हा आले होते, त्याला चार वर्षं झाली. येते येते म्हणते आणि राहतंच.

तुझी,
खार

---

१२ ऑक्टोबर

खारूताई,

सुखी राहा, आणि गाडीखाली शिरताना स्टँड लावत जा.

पत्र पोचलं. पोस्टमन पाच मिनिटं उभा राहिला, कुणाचं आहे ते कळल्याशिवाय हलेना. त्याचं तरी काय चुकलं? माझ्या नावानं नोटिशींशिवाय दुसरं काही आणल्याचं त्याला आठवत नसेल. भाचीचं आहे म्हटल्यावर गेला.

गॅरेज काढलंस, फार बरं केलंस. तुझी आई असती तर रडली असती आणि मग गावभर सांगत फिरली असती. मी दोन्ही थोडं थोडं केलं.

आता गनचं. दुकानदाराचं ऐकू नकोस, त्याला डोकेदुखीवर विचारलंस तरी मोठी बाटली देईल. इंचाचा आकडा गनचा नसतो, तिच्या तोंडाशी जो चौकोनी दांडा असतो त्याचा असतो, ज्यावर नट धरणारी गोटी बसते. तुला ठाऊक आहे, पण कंपनीत राहून माणूस विसरतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती ही इंजिनाच्या पोटातली, जिथे हात जेमतेम शिरतो तिथली. कव्हरं, पंप, बारीक बोल्ट. चाकाच्या नटाला लावलीस तर कधी सुटेल, कधी नुसती टरटर करत बसेल. अर्धा इंची ही तुझी खरी. चाकं, सस्पेन्शन, खालचे गंजलेले बोल्ट, सगळं तिच्यात आलं. कारच्या गॅरेजात दहातली नऊ कामं अर्ध्या इंचावर होतात. पाऊण इंची ट्रकवाल्यांची. ती कारच्या चाकाला लावलीस तर नट सुटेल नाहीतर नट बसतो तो स्टडच तुटून हातात येईल, आणि संध्याकाळी तुझा खांदाही. अर्धा इंची घे आणि मोकळी हो.

बाकी जे आहे ते आहेच. गन सोडवायला, आवळायला हात. पहिले तीन आटे बोटांनी, मग साधा पाना, आणि शेवट टॉर्क पान्यानं, नट किती घट्ट बसला तो आकडा बघून. यात गनचा मोठेपणा काही कामाचा नाही.

एक सहज विचारतो. ती तीन सुती बॅटरीसकट भरते किती? आणि ट्रिगर हलका दाबला तर हळू फिरते, की एकदम उसळते? इथल्या दुकानात कुणाला धड सांगता येत नाही. म्हणजे सांगत असतील, मला ऐकू येत नाही. घाई नाही.

मामा

---

२५ ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र भिंतीला लावलंय, लिफ्टच्या बटणाशेजारी. त्यावर एक गिऱ्हाईक म्हणालं, ही काय सरकारी सूचना आहे का. तुझं अक्षर केवढं झालंय! चार ओळींत पान संपतंय. तिकडे कागद फुकट मिळतो का?

अर्धा इंची ठरली. बॅटरीसकट तीन किलोला थोडी कमी. तीन सुती सव्वा किलोच्या आसपास, एका हातात सहज मावते. हळू फिरते, तीन वेग असतात, पहिल्या वेगावर तर ट्रिगर पूर्ण दाबला तरी उसळत नाही. पण तुला कशाला? तूच लहान गनला खेळणं म्हणायचास.

गॅरेज छान चाललंय. लोक आधी विचारतात, मेकॅनिक कुठे आहे. मी म्हणते, गाडीखाली आहे, आणि गाडीखाली शिरते. दुपारी डबा खायला जागा नाही, म्हणून दुरुस्तीला आलेल्या एखाद्या गाडीत बसून खाते आणि रेडिओ लावते. परवा गाडीवाला लवकर आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, जेवा सावकाश, मी थांबतो. त्यालाच म्हणाले, बसा ना. तो बाहेरच उभा राहिला.

तुझ्याकडे कोण कोण येतं? गणिताच्या बाई अजून येतात का, त्या लहान निळ्या गाडीवाल्या?

खार

---

१४ नोव्हेंबर

खारूताई,

उत्तराला उशीर झाला. इकडे थंडी लवकर पडली.

गणिताच्या बाई दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतात. अकरा वर्षं झाली. गाडीला काही झालेलं नसलं तरी येतात, बाकावर बसतात आणि बोलतात. आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवलाय त्यांनी, त्यामुळे गावात मला धड ऐकू येतं ते त्यांचं एकट्यांचं. त्यांच्या निकालापासून सुनेपर्यंत सगळं मला पाठ आहे.

एक गोष्ट सांगतो, तुझं मत हवंय. इथे एक जुना मेकॅनिक आहे, तू ओळखत नाहीस. चांगला कामगार होता. चाळीस वर्षं गन चालवली, तिचा हादरा हातात मुरला. आता थंडी पडली की बोटं पांढरी होतात आणि टोकाला काही कळत नाही. डॉक्टर म्हणाला, नसा गेल्या, परत येणार नाहीत. त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. नट बोटानं धरता येईना, म्हणून तो पहिल्यापासूनच गननं लावायला लागला. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं पुढचं चाक असंच लावलं. दोन नट वाकडे चढले. बोटाला कळलं नाही, कानाला तर नाहीच. गनला काय, वाकड्यालाही ती रेटते. वर टॉर्क पाना लावला तर त्यानंही टक केलं, आकडा पुरा भरला, कारण अडकलेला नटही घट्टच लागतो. गाडी वळणावर डुगडुगायला लागली. गिऱ्हाईक शहाणं, तिथेच थांबलं, म्हणून निभावलं. गाडी ओढून दुसऱ्या गॅरेजात नेली. ओढणाऱ्यानं या माणसाला सांगितलं, तेव्हा त्याला कळलं. गिऱ्हाईक काही बोललं नाही. यानंही जाऊन विचारलं नाही.

आता तो म्हणतो, हलकी, हळू फिरणारी गन घेतली तर अजून चार वर्षं निघतील. दुकान सोडून त्याला दुसरं काही नाही. तुला काय वाटतं?

मामा

---

२० नोव्हेंबर

मामा,

तुझ्या या मेकॅनिकचा मला राग आला.

हळू गननं काय होणार? नट वाकडा चढतोय हे कळायला बोट लागतं, ते तीन सुतीनं परत येणार आहे का? नाचता येईना अंगण वाकडं. आटा कळत नाही त्यानं चाकाला हात लावू नये, हे तूच मला सतराशे साठ वेळा सांगितलंस. एकदा मी एक नट बोटांशिवाय लावला होता, तर तू सगळी चाकं उतरवून पुन्हा माझ्याकडून लावून घेतलीस आणि तो दिवस माझ्याशी बोलला नाहीस. आठवतं?

दुकान सोडून त्याला काही नाही, म्हणून दुसऱ्याचं चाक निखळावं का? हात गेले याची मला कीव येते. गप्प बसला याची नाही येत. त्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन हात जोडायला हवे होते त्यानं. त्याला सांग, शटर ओढ आणि घरी बस. तुझं ऐकेल तो.

कडक लिहिलंय, पण तू मत विचारलंस. शिकवण तुझीच आहे.

खार

---

२ डिसेंबर

खारूताई,

त्याला सांगितलं. तुझं पत्रच वाचून दाखवलं. रागावला नाही. म्हणाला, पोरगी बरोबर बोलते, चांगली शिकली आहे. सोमवारपासून त्यानं शटर उघडलेलं नाही.

तुला एक खोका पाठवतोय. माझ्या इथे पडून राहण्यापेक्षा तुझ्याकडे वापरात येईल.

थंडीत कानाला रुमाल बांधत जा.

मामा

---

२१ डिसेंबर

मामा,

खोका मिळाला! पोस्टातून दोघांनी उचलून रिक्षात ठेवला. तुझा सगळा गोटी संच, बेअरिंग काढायची ओढणी, टॉर्क पाना, आणि वर ती कोरी तीन सुती गन. लबाड आहेस. पत्रात लिहितोस अर्धा इंचीनं भागेल आणि गुपचूप दुसरी घेऊन पाठवतोस. म्हणून वजन विचारत होतास तर! मुठीला मऊ पट्टी गुंडाळलीस तीही छान बसते, जरा जाड आहे, पण माझी बोटं थंडीत आखडतात ते तुझ्या लक्षात राहिलं.

त्या मेकॅनिकनं ऐकलं हे बरं झालं. तू जवळ आहेस, त्याच्याकडे जाऊन बसत जा अधूनमधून.

एक कळलं नाही. टॉर्क पाना का पाठवलास? तू काय वापरतोस? नवा घेतलास का?

लगेच कळव.

खार

---

१२ जानेवारी

मामा,

तीन आठवडे झाले. दोन वेळा फोन केला, उचलला नाहीस. टॉर्क पान्याचं उत्तर दिलं नाहीस. काल मी तो हातात घेऊन बसले होते. मुठीवर तुझ्या अंगठ्यानं पडलेला खळगा आहे. तो पाना तू जिवंतपणी कुणाला देशील असं मला वाटत नाही.

शिंपीकाकांना वेगळं पत्र टाकलंय. रागावू नकोस.

खार

---

१९ जानेवारी

पोरी,

तुझं पत्र मिळालं. मी तुझ्या मामाच्या शेजारचा शिंपी. तुझा पहिला कामाचा डगला मीच शिवला होता, बाह्या लांब झाल्या होत्या म्हणून तू रडली होतीस. माझ्या निरोपांना अस्तर असतं असं तू म्हणतेस ते मला ठाऊक आहे. हे बिनअस्तराचं लिहितो.

मामांचं दुकान नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारपासून बंद आहे. तब्येतीला तसं काही झालेलं नाही. रोज सकाळी नऊला येतात, शटर उघडत नाहीत, पायरीवर बसतात आणि एकला घरी जातात. गाडीवाले थांबतात, विचारतात. मामा हातानं खूण करतात, बंद. मी आत येऊन बसा म्हणतो तर म्हणतात, तुझ्या मशीनचं टकटक मला चालतं, पण तुझं बोलणं ऐकू येत नाही आणि तू बोलल्याशिवाय राहत नाहीस.

गेल्या वर्षीपासून त्यांनी माझ्याकडून सगळ्या शर्टांना टिचबटणं लावून घेतली. मी विचारलं, ही कसली फॅशन. म्हणाले, घाई असते सकाळी. मी शिंपी आहे, पोरी. माणसाला काजात बटण घालता येत नाही हे मला कळतं. त्यांना सांगू नये म्हणून सांगितलं नाही, आणि तुला सांगायला हवं होतं ते राहिलं. माझी चूक झाली.

गणिताच्या बाई ऑक्टोबरपासून आलेल्या नाहीत.

तुझा शिंपीकाका

---

२२ जानेवारी

मामा,

तो तू होतास.

तुझं चौदा नोव्हेंबरचं पत्र मी काल सगळ्यात आधी काढलं, आणि मग मी काय काय लिहून गेले असेन ते आठवत बसले. कीव येते, गप्प बसला, घरी बस. हे मी तुला लिहिलं. तू ते वाचलंस, उत्तरात मला चांगली शिकली म्हणालास आणि कानाला रुमाल बांधायला सांगितलंस.

मला माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं. मेकॅनिक म्हणून लिहिलं ते खोटं नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण मामाला कुणी असं लिहीत नाही. मला ठाऊक असतं तर मी बसमध्ये बसले असते, पत्र टाकलं नसतं.

इकडे ये. मला खरंच गरज आहे. गाडीचा आवाज ऐकून सांगायला नको, ते आता तुला जमणार नाही, पण गाडी बघून तुला जे कळतं ते मला अजून पाच वर्षं कळणार नाही. गिऱ्हाइकांसमोर एक मोठं माणूस असलं की निम्मे प्रश्न कमी होतात. चाकाला हात लावू नकोस, बाकी दुकान तुझं समज.

तारीख कळव.

खार

---

३ फेब्रुवारी

खारूताई,

शिंप्यानं एकदा तरी निरोप जसाच्या तसा पोचवला म्हणायचा. तुझ्यावर राग नाही. मी मत विचारलं होतं आणि दुसऱ्याचं नाव पुढे करून विचारलं होतं. तू त्या दुसऱ्याला जे सांगायला हवं तेच सांगितलंस. मला सांगायची वेळ असती तर तू गोड केलं असतंस आणि मी ते गोड मानून अजून एखादं चाक लावलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची?

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र टोचत राहिली. दारात जाऊन हात जोडायला हवे होते. ते मी केलं नव्हतं. तीन महिने बाईंच्या गल्लीतून गेलो नाही, फेरा पडला तरी. गेल्या रविवारी गेलो.

दार त्यांनीच उघडलं. घरात सगळीकडे खोकी बांधलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की चाक माझ्या हातून वाकडं लागलं, बोटांना कळत नाही, ते मी लपवलं. त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, गाडी डुगडुगली त्याच दिवशी मला कळलं. मी यायची थांबले ती रागानं नाही, आल्यावर तुमच्याकडे बघून काय बोलायचं ते मला सुचेना. आयुष्यभर बोलले, आणि नेमकं तिथे सुचेना. मग त्या थोड्या रडल्या. मी चहा घेतला. त्या एक तारखेला मुलाकडे राहायला गेल्या, गाडी विकून टाकली. रविवारी गेलो नसतो तर बंद दारापुढे उभा राहिलो असतो.

आता तुझं बोलावणं. येत नाही, पोरी. कामाचं निमित्त तू मोठ्या मनानं काढलंस, पण मी चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या तपासल्या आहेत, काय खरं बिघडलंय आणि काय सांगायला म्हणून सांगतात ते मला कळतं. इथे पायरीवर बसलो तरी येणाऱ्याजाणाऱ्याला ठाऊक असतं की हा कोण होता. तिकडे मी तुझा मामा असेन, एवढंच.

तीन सुती वापर. चांगली आहे. मी दोनच दिवस चालवली.

मामा

---

९ फेब्रुवारी

मामा,

एवढंच?

मी तुझं पत्र तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या शब्दाशी अडले. आता माझं खरं ऐक, मग ठरव.

मी अर्धा इंची गन ऑगस्टमध्येच घेतली होती. तुला पहिलं पत्र टाकलं तेव्हा ती माझ्या समोर टेबलावर पडली होती, सहा आठवडे वापरून झालेली. पाऊण इंची गळ्यात मारणारा कुणी दुकानदार नव्हता. दुकानात एक मुलगी होती, तिनं मला न विचारता अर्धा इंची काढून दिली. मी तुला विचारलं, कारण दुसरं काय विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस ते मला सुचेना. कसा आहेस विचारलं तर तू बरी आहेस ना म्हणून सोडून देतोस. गन विचारली की दोन पानं लिहितोस. मला ती दोन पानं हवी होती. तू तुझ्यासाठी विचारत होतास आणि मी तुझ्या अक्षरासाठी. दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवत होतो.

गॅरेज छान चाललंय हे मी लिहिलं, ते चाललंय. पण दिवसभर माझ्याशी जे बोलतात ते गाडीबद्दल बोलतात. कंपनीत असताना चाळीस लोकांत होते, तिथेही तसंच होतं, फक्त आवाज जास्त होता. लग्न मोडलं तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच, कारण फोनवर ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती. त्याला दोन वर्षं झाली. आज पहिल्यांदा लिहितेय.

कामाचं निमित्त मी काढलं, तू पकडलंस, बरोबर आहे. बोलावण्यात तुझी काळजी पण आहे, आणि तिला तू दया म्हणणार असशील तर म्हण. पण मला मेकॅनिक नकोय. मेकॅनिक मी आहे. माझा मामा हवाय, एवढंच.

खोल्या दोन आहेत. एक रिकामी आहे, खिडकी रस्त्याकडे उघडते.

खार

---

१८ फेब्रुवारी

खारूताई,

लग्नाचं तू आज सांगितलंस. दोन वर्षं तू ते पोटात ठेवून हिंडलीस आणि मी इकडे तुझ्या फोनला चुकीचा नंबर म्हणत होतो. या गोष्टीचं मला फार वाईट वाटलं. चाकापेक्षा जास्त.

परवा शटर उघडलं. आतलं काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते शिंप्याला दाखवलं. त्यानं दोन दिवस मशीन बंद ठेवून मदत केली, आणि सगळा वेळ बोलत होता. मी हो हो म्हणत होतो. चावी घरमालकाला दिली. पायरीवरून उठताना वाटलं होतं तितकं जड गेलं नाही, खोटं कशाला सांगू, पण घरी येऊन शर्टही न काढता तसाच झोपलो.

शनिवारी दुपारच्या बसनं येतोय. कामाला येत नाही, राहायला येतोय. गॅरेजात आलो तर खुर्ची टाकून बसेन, कुणी मेकॅनिक कोण विचारलं तर तुझ्याकडे बोट दाखवेन, एवढं बोट अजून चालतं. किती दिवस ते विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही. लग्नाचं सगळं सांगायचं असेल तर कागदावर लिहून माझ्यापुढे ठेव, मी वाचीन. सांगायचं नसेल तरी चालेल. नुसते बसू. दोघांनी एका खोलीत गप्प बसून मला चार वर्षं झाली.

मामा